ऐकण्याचा परवाना

भिलाईच्या पोलाद कारखान्याशेजारी खुर्सीपार नावाची कामगारांची दाट वस्ती आहे. छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, ओडिया, मराठी अशा अनेक भाषा तेथल्या गल्ल्यांतून कानी पडतात. अशा वस्तीजवळून मध्यरात्री अग्निशामक बंब धावत गेला, की घराघरांतून दिवे लागतात आणि जो तो एकच प्रश्न विचारू लागतो : काय झाले आणि कोठे झाले? ज्या घरातील माणूस रात्रपाळीला गेलेला असतो, त्या घराला हा प्रश्न कुतूहलाचा नसतो, जिवाचा असतो. आणि मौज अशी, की नेमक्या त्या वेळी प्रश्नाचे उत्तर वस्तीवरच्या हवेतून जात असते. बंबावरचा अधिकारी नियंत्रणकक्षाशी बिनतारीवर बोलत असतो. रुग्णवाहिका मागविल्या जात असतात. कोणता रस्ता बंद करावयाचा, हे ठरत असते. ते शब्द लहरींच्या रूपाने भिंतींतून आरपार जातात. ऐकू मात्र कोणालाच येत नाहीत.

अमेरिकेत हीच वेळ आली, तर पुष्कळ घरांत उशाशी ठेवलेले एक लहानसे ग्रहणयंत्र सुरू होते. त्याला तेथे स्कॅनर म्हणतात. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्या लहरी एकामागून एक चाचपीत ते फिरत राहते आणि जेथे कोणी बोलत असेल तेथे थबकून ते बोलणे ऐकविते. असे यंत्र घेणारा गृहस्थ दुकानदाराला बारकाईने प्रश्न विचारतो. आमच्या गावचे पोलीस जुन्या पद्धतीने बोलतात, की अंकीय पद्धतीने? अंकीय असेल, तर ती कोणती? अनेक पथके मोजक्या लहरी वाटून घेत असतील, तर हे यंत्र त्यांचा माग काढू शकेल काय? आणि बोलणे सांकेतिक कुलपात बंद केलेले असेल, तर ही सारी खटपट फुकट तर जाणार नाही ना? खुर्सीपारच्या गृहस्थापुढे यांतला एकही प्रश्न पहिला नसतो. त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो परवान्याचा. ही तफावत तंत्रामुळे पडलेली नाही. ती इतिहासामुळे पडली आहे. आणि त्या इतिहासाची मुख्य गाठ वर्षाला दहा रुपयांच्या एका शुल्कापाशी बसलेली आहे.

भारतीय तार अधिनियम १८८५ सालचा. तारयंत्रे उभारणे, राखणे आणि चालविणे हा अधिकार या कायद्याने सर्वस्वी सरकारकडे ठेवला. त्या काळी निरोप तारेतून जात असे. तारेच्या दोन टोकांना दोन माणसे असत, आणि तिसऱ्याला तो निरोप हवा असेल तर तार तोडावी तरी लागे किंवा तारमास्तर फितूर करावा तरी लागे. पुढे दोनच वर्षांनी हर्ट्‌झने जर्मनीत विद्युत्‌लहरी सिद्ध करून दाखविण्यास प्रारंभ केला, आणि १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली. निरोपाला आता दोन टोके उरली नाहीत. बोलणारा एक आणि ऐकू शकणारे अगणित, अशी ही नवी विद्या होती. सरकारला तिचे वावडे नव्हते. परंतु बोलणाऱ्याला आवरण्याची चिंता जितकी होती, तितकी ऐकणाऱ्याला आवरण्याची आरंभी नव्हती. ती चिंता उत्पन्न झाली ती राजकारणातून नव्हे, तर हिशेबाच्या वहीतून.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे ध्वनिक्षेपण केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. गाणी, भाषणे, बाजारभाव हे सारे श्रोत्याच्या घरी पोचविण्याचा खर्च श्रोत्यांकडूनच निघावा, म्हणून प्रत्येक ग्रहणयंत्रामागे वर्षाला दहा रुपयांचा परवाना ठेवण्यात आला. आपल्या लोकांचा स्वभाव लक्षात घेता पुढे काय झाले असेल, हे सांगावयास नको. पुष्कळांनी यंत्र घेतले. परवाना घेतला नाही. कंपनी १९३० साली बुडाली आणि तिचा कारभार सरकारला आपल्याकडे घ्यावा लागला. सरकारलाही तीच अडचण आली. १८८५ च्या कायद्याने यंत्र ‘चालविणे’ हा गुन्हा ठरत होता. पण चालविल्याचे सिद्ध कसे करावयाचे? शिपाई दाराशी आला, की कळ फिरविली आणि यंत्र मुके झाले! शुल्क बुडते राहिले. तेव्हा यावर जो उपाय निघाला तो म्हणजे १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम. त्याने चालविण्याचा प्रश्नच मिटवून टाकला. बिनतारी यंत्र नुसते ‘बाळगणे’ हाच परवान्याविना गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढील प्रत्येक खेपेस अडीचशेपर्यंत. १ जानेवारी १९३४ पासून हा कायदा लागू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या कायद्याने पुढे नव्वद वर्षे या देशातील सामान्य माणसाचा कान बांधला, तो कायदा पोलिसांचे गुपित राखण्यासाठी प्रामुख्याने केलेला नव्हता. तो गाणी फुकट ऐकणाऱ्यांना पकडण्यासाठी केलेला होता. परंतु कायद्याची शब्दयोजना एकदा रूढ झाली, की तिचे मूळ प्रयोजन कोणी आठवीत नाही. जीभ बांधणारे कायदे जगात सर्वत्र आहेत. आपल्याकडे कानालाही परवाना लागू लागला.

अमेरिकेत याच सुमारास अगदी उलट घडत होते. ७ एप्रिल १९२८ रोजी डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींसाठी आपले ध्वनिक्षेपण सुरू केले. गंमत अशी, की पोलीसखात्यासाठी वेगळा परवाना त्या देशाच्या नियमांत बसत नव्हता. म्हणून त्या केंद्राला आधी करमणुकीचे केंद्र म्हणून परवाना घ्यावा लागला होता, आणि चोराचे वर्णन सांगण्याच्या मधल्या वेळी तेथून संगीत लावले जात असे. पोलिसांच्या लहरी नभोवाणीच्या लहरींना अगदी लागून होत्या. त्यामुळे गावातील लोक घरच्या यंत्राची कळ किंचित पुढे सरकवीत आणि चोर-पोलिसांचा खेळ ऐकत बसत. १९३० नंतरच्या दशकात तर यंत्रे करणाऱ्या कारखान्यांनी तबकडीवर ‘पोलीस’ अशी खूणच छापावयास सुरुवात केली. १९३४ मध्ये त्या देशाने दळणवळणाचा कायदा केला, तेव्हा दुसऱ्यासाठी असलेला निरोप बाहेर फोडणे आणि त्याचा फायदा उठविणे यांवर त्याने बोट ठेवले. यंत्र घरात असणे हा काही त्याने गुन्हा मानला नाही. इंग्लंडचा मार्ग निराळा. तेथे आपल्यासाठी नसलेला निरोप मुद्दाम ऐकणे हेच निषिद्ध राहिले, आणि कायद्याच्या बाबतीत आपला वारसा तोच आहे.

दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हिंदुस्थानातील हौशी बिनतारी चालकांचे परवाने रद्द झाले आणि यंत्रे सरकारजमा झाली. आता ऐकणे ही एकट्या सरकारची विद्या झाली, आणि त्या विद्येत सरकार किती तरबेज झाले होते, याचा पडताळा १९४२ मध्ये मुंबईत आला. ऑगस्टच्या अखेरीस उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. प्रक्षेपक आज या घरात, तर उद्या त्या घरात. तरीही पोलीस रोज कान लावून बसले होते, बोललेले शब्दन्‌शब्द टिपून घेत होते आणि लहरी कोणत्या दिशेने येतात याचा माग काढीत होते. अखेर एका तंत्रज्ञाकडून पत्ता फुटला आणि १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री गिरगावातील एका इमारतीत, कार्यक्रम चालू असतानाच, धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली ती पोलिसांनी ऐकून लिहिलेली टिपणे. त्या भाषणांची नोंद इतिहासाला मिळाली, ती काही अंशी या ऐकणाऱ्या शत्रूमुळेच मिळाली, हेही कबूल केले पाहिजे.

परंतु आणीबाणीच्या वेळी नागरिकांचे कान बंद असले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल, तर १४ एप्रिल १९४४ च्या दुपारकडे वळले पाहिजे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये, त्यांच्या सान्निध्यात कापसाच्या गासड्या, आणि शिवाय सोन्याच्या विटा. घातक माल भरलेल्या जहाजाने लाल निशाण चढवावे, असा संकेत असे. या जहाजावर ते नव्हते. दुपारी कापसाने पेट घेतला. बंब आले, जवान जहाजावर चढले, पाण्याचे झोत सुरू झाले. चारच्या सुमारास, चार वाजून सहा मिनिटांनी, पहिला स्फोट झाला. पाऊण तास उलटण्याच्या आत दुसरा झाला. आसपासची जहाजे बुडाली, गोदामे कोसळली, जळता कापूस आणि तापलेले लोखंड शहरावर पावसासारखे पडले. दूरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या हादऱ्याची नोंद झाली. आठशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान होते. देशभर १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो, तो यांच्यासाठी.

त्या संध्याकाळी मुंबईकराला काय ठाऊक होते? काहीच नाही. जपानी विमानांनी बॉम्ब टाकले, अशी समजूत घेऊन लोक मिळेल त्या वाटेने पळत सुटले. नभोवाणी होती, वर्तमानपत्रे होती, दूरध्वनी होते. पण युद्धकाळातील नियंत्रणाने या सर्वांची तोंडे बंद केली होती. बातमीदारांना सविस्तर वृत्त बाहेर पाठविण्याची मुभा मिळावयास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. आणि जगाला ही बातमी पहिल्यांदा कोणी सांगितली? दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने! मुंबईच्या गोदीत काय जळत आहे, ते मुंबईच्या माणसाला शत्रूच्या केंद्रावरून कळावे, यापरता मौनाचा पराभव दुसरा कोणता? शत्रूला माहिती मिळू नये म्हणून पाळलेले मौन शत्रूपासून काहीही लपवू शकले नाही. लपले ते फक्त ज्यांची घरे जळत होती त्यांच्यापासून.

युद्धानंतर हौशी चालकांना त्यांच्या लहरी परत मिळालेल्या होत्या, आणि १५ मे १९४८ रोजी मध्य भारतातील महू येथे त्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी १६ जुलैला आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. दुर्ग जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता; १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होईपर्यंत तो तसाच राहिला. म्हणजे २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला, तेव्हा त्या माळावरचा कारभार नागपुराहून चाले. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आलेली नवी कुटुंबे मिसळली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा तेथील क्वार्टरांत ज्यांच्याकडे रेडिओ होता, त्यांच्याकडे टपालकचेरीतून घेतलेले परवान्याचे पुस्तकही असे. ते पुस्तक जपून ठेवणे हा मध्यमवर्गीय प्रामाणिकपणाचा एक पुरावाच होता. रायपूरचे स्वतःचे आकाशवाणी केंद्र त्यानंतर १९६३ मध्ये निघाले.

या परवाना-संस्कृतीचा कळस असा, की हौशी बिनतारीच्या नियमांत केवळ ऐकणाऱ्यासाठी वेगळा परवाना होता. बोलावयाचे नाही, प्रक्षेपक नाही, नुसते लघुलहरींवरील हौशी चालकांचे संभाषण ऐकावयाचे, तरी कागद हवा! पण हे केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नाही. परवाना घेऊन ऐकावयास शिकलेल्या याच मंडळींनी पुढे वेळोवेळी देशाची लाज राखली. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर वादळाने गावे पुसली गेली, ऑगस्ट १९७९ मध्ये मच्छू धरण फुटून मोरवी वाहून गेली. दूरध्वनीच्या तारा तुटलेल्या असताना हौशी चालकांनी निरोप पोचविले. २६ डिसेंबर २००४ चा प्रसंग तर नियतीने योजून आणल्यासारखा होता. हैदराबादच्या हौशी बिनतारी संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली त्या महिन्यात पोर्टब्लेअरला गेले होते. अंदमानातून जगभरच्या हौशी चालकांशी संपर्क साधावा, एवढाच हेतू. त्या रविवारी सकाळी समुद्र आत शिरला आणि बेटांचा उर्वरित जगाशी संबंध तुटला. हौसेसाठी उभारलेले ते केंद्र त्याच दिवसापासून जिवंत-मृतांची विचारपूस मुख्यभूमीपर्यंत पोचविणारे केंद्र झाले.

दरम्यान ज्या शुल्कासाठी १९३३ चा कायदा जन्मला होता, ते शुल्क १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास रद्द झाले. नभोवाणीचे आणि दूरदर्शनचे ग्रहणयंत्र बिनपरवाना झाले. घरोघरची ती पुस्तके रद्दीत गेली. कायदा मात्र राहिला. सूट मिळाली ती ध्वनिक्षेपण ऐकणाऱ्या यंत्राला. पोलिसांचे वा बंबाचे बोलणे पकडणारे यंत्र त्या सुटीत बसत नव्हते. प्रयोजन गेले आणि कुंपण उरले.

इकडे यंत्रही बदलत होते. आरंभीच्या काळात पोलिसांचे बोलणे एकतर्फी होते. मोटार ऐके, बोलत नसे. १९३३ मध्ये अमेरिकेत बेयॉन गावी दुतर्फी बोलणे सुरू झाले. पुढे प्रत्येक लहरीसाठी एकेक स्फटिक बसवावा लागणारी ग्रहणयंत्रे आली, आणि मग लहरी आपोआप चाळणारा स्कॅनर आला. तोवर हवेतील आवाज हा माणसाच्या आवाजाचीच प्रतिकृती होता. ज्याच्याकडे यंत्र, त्याच्याकडे आवाज. १९८९ पासून अमेरिकेत ‘प्रोजेक्ट २५’ आणि १९९० नंतरच्या दशकात युरोपात ‘टेट्रा’ या अंकीय पद्धती घडू लागल्या. आता आवाजाचे आधी आकड्यांत रूपांतर होते आणि आकडे हवेतून जातात. ज्या यंत्राला ती पद्धत ठाऊक नाही त्याला नुसती खरखर ऐकू येते. त्यात अनेक पथकांनी मोजक्या लहरी वाटून घेण्याची युक्ती आली. एका वाक्यापुरती पथकाला एक लहर मिळते, दुसऱ्या वाक्याला दुसरी. मागोवा घेणाऱ्याला वाटपाचे सूत्र कळल्याखेरीज एक संभाषण सलग ऐकता येत नाही. आणि सर्वांत शेवटी सांकेतिक कुलूप. हे कुलूप पडले, की जगातले महागातले महाग यंत्रही घरात शोभेला ठेवावे. इंग्लंडच्या पोलिसांनी या शतकाच्या आरंभी ते घातले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून घालावयास घेतले. अमेरिकेतही आता स्कॅनर निवडताना पहिला प्रश्न हाच, की आपल्या गावात ऐकण्यासारखे काही उरले आहे काय. आपल्याकडे कायद्याने जे साधले, ते तेथे तंत्राने साधत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कुलूप घालणाऱ्यांची बाजू पोकळ मुळीच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा दहशतवाद्यांचे सूत्रधार सीमेपलीकडे दूरचित्रवाणीपुढे बसले होते आणि कमांडो कोठे उतरत आहेत हे पडद्यावर पाहून आपल्या माणसांना दूरध्वनीवरून सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पोलिसांची बिनतारी अशीच सर्वांना खुली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. अपघातात सापडलेल्या माणसाचे नाव, पत्ता, दुखणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकावे, हेही कोणी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतही सर्वांसाठी नसलेल्या संदेशांची गुप्तता राखण्याचे बंधन सर्व राष्ट्रांनी मान्य केलेले आहे.

परंतु त्याच रात्रीची दुसरी बाजूही आहे. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले. आपल्या पतीला शेवटच्या तासात कोणती मदत मागता आली, आणि ती का पोचली नाही, हे विनिता कामटे यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली पोलीस नियंत्रणकक्षाच्या बिनतारी संभाषणाच्या नोंदी मागितल्या. त्या मिळवावयास खटपट पडली. त्या नोंदींच्या आधारे त्यांनी २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक सिद्ध केले. त्या नोंदींच्या अर्थाविषयी मतभेद झाले, ते असोत. येथे महत्त्वाचे ते एवढेच, की त्या क्षणी जे ऐकण्याचा अधिकार कोणालाही नव्हता आणि नसावाही, ते नंतर ऐकण्याचा अधिकार एका पत्नीला कायद्याने मिळाला. आणीबाणीचे बोलणे कायमचे सरकारचे असते, की केवळ त्या घटकेपुरते, हा फरक यापूर्वी आपल्याकडे कोणी फारसा केलेला नव्हता.

बाळगण्याचा कायदा मात्र आता व्यवहारात विरत चालला आहे, कारण यंत्रच विरत चालले आहे. २०१२ च्या सुमारास असे ध्यानात आले, की संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी विकली जाणारी बोटाएवढी एक स्वस्त वस्तू थोड्या कौशल्याने जवळजवळ हवी ती लहर पकडू शकते. यंत्राचे काम आता संगणकातील आज्ञावली करते. अशी वस्तू घरात असणे म्हणजे काय बाळगणे, हे १९३३ च्या शब्दांत सांगणे कठीण. कुलपांचेही फारसे कौतुक करण्याजोगे नाही : २०२३ मध्ये नेदरलँड्‌समधील संशोधकांनी दाखवून दिले, की टेट्राचे एक बहुप्रचलित कुलूप ८० अंकी किल्लीचे म्हणून मिरवीत असले, तरी आतून ते ३२ अंकी किल्लीइतके दुबळे करून ठेवलेले होते. त्याच वर्षी आपल्या संसदेने दूरसंचार अधिनियम केला. १८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी तो आहे, आणि त्याची कलमे २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आणली जात आहेत. रेडिओ उपकरण बाळगण्यास अधिकारपत्र हवे, हे तत्त्व त्यानेही सोडलेले नाही. उलट दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडण्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी जबर शिक्षा त्यात आहे. शंभर रुपयांपासून दोन कोटींपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे खुर्सीपारच्या हौशी तरुणाने परदेशी जाहिरात पाहून स्कॅनर मागविण्यापूर्वी दहादा विचार का करावा, ते वेगळे सांगावयास नको. ज्याला या विद्येचा खरोखर छंद आहे, त्याने सरकारची परीक्षा देऊन हौशी चालकाचा परवाना घ्यावा, हा राजमार्ग उघडा आहे.

मग ज्याला छंद नाही, केवळ काळजी आहे, त्याचे काय? झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो अंगात भिनल्याचे माणसाला कळते ते बहुधा उशिरा. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात पाण्याच्या पंपगृहात बिघाड होऊन हा वायू बाहेर पडला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन उपमहाप्रबंधक होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोकभट्टीच्या वायुनळीवर दुरुस्तीचे काम चालू असताना भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसे गेली; मृतांत अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते. अशा वेळी भिंतीपलीकडच्या वस्तीने घरात थांबावे, की वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जावे, हे बंबाचे संभाषण चोरून ऐकून ठरविण्यासारखे नाही. अर्धवट ऐकलेल्या वाक्यानेही माणसे चेंगरून मरतात.

याचे उत्तर आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शोधले. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीनंतर भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा तेथे दोन भोंगे होते : एक आतल्या कामगारांसाठी, एक बाहेरच्या लोकांसाठी. पूर्वी ते एकत्र वाजत. १९८२ मध्ये त्यांची जोडणी तोडण्यात आली होती, म्हणजे लहानसहान गळतीने वस्ती उगाच घाबरू नये! त्या रात्री बाहेरचा भोंगा क्षणभर वाजला आणि बंद करण्यात आला. आतला वाजत राहिला. बाहेरची माणसे झोपेतच गुदमरली, किंवा उठून ज्या दिशेने वायू जात होता त्याच दिशेने धावली. तोंडावर ओले फडके धरा, एवढे चार शब्द त्यांना कोणी सांगितले नाहीत. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात नवे प्रकरण घालण्यात आले. धोक्याच्या प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्याने आपले धोके आणि संकटकाळी घ्यावयाची काळजी केवळ कामगारांनाच नव्हे, तर आसपास राहणाऱ्या लोकांनाही आगाऊ कळविली पाहिजे, असे बंधन त्याने घातले. कामगारविषयक कायद्यांची पुढे नवी संहिता झाली, तीतही हे तत्त्व कायम आहे. १८८५ पासून चालत आलेल्या कायद्यांत नागरिकाने काय ऐकू नये, हे सांगितले होते; त्याला काय ऐकविलेच पाहिजे, हे या कलमाने सांगितले. खुर्सीपारचा नागरिक कारखान्याच्या दाराशी जाऊन जे विनासंकोच मागू शकतो, ते हे आहे : भोंगा किती वेळ वाजला म्हणजे काय समजावे, कोणत्या रस्त्याने जावे, कोठे जमावे, आणि हे सारे त्याच्या भाषेत, संकट येण्यापूर्वी.

२०१८ मध्ये छत्तीसगढात पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी ११२ हा एकच क्रमांक सुरू झाला. २०२३ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी भ्रमणध्वनींवर एकाच वेळी इशारा पाठविण्याच्या चाचण्या घेतल्या. खिशातील यंत्रे अवचित कर्कश आवाजात ओरडू लागल्याने लोक दचकले, ते पुष्कळांना आठवत असेल. या इशाऱ्याला परवाना लागत नाही, लहर जुळवावी लागत नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा छत्तीसगढातून दुर्ग जिल्ह्याची निवड झाली होती, ती भिलाईच्या कारखान्यामुळे. त्या दिवशी दुपारी चार वाजता भिलाईत भोंगे वाजले, आणि तो आवाज कशाचा आहे हे वस्तीतल्या माणसांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले होते.